कच्चा घास, पक्का भरवसा

दक्षिण मुंबईत समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलचे लाउंज डोळ्यांसमोर आणावे. वेळ शनिवारी रात्री साडेआठची. दिवे मंद, गालिचा जाड, बोलणे दबक्या आवाजात. कोपऱ्यातील मेजावर एक नोकरदार जोडपे बसले आहे. लग्नाला पाच-सहा वर्षे झालेली, मुलाला आजीकडे ठेवलेले आणि महिन्याच्या हिशेबातून ही एक संध्याकाळ मुद्दाम बाजूला काढलेली. अलीकडच्या भाषेत या संध्याकाळीस 'डेट' असे नाव आहे. वाढप्याने काळ्या पाटीवर आठ घास मांडून आणले आहेत. आंबूस भाताच्या लहानशा मुटक्यावर नारिंगी, गुलाबी, पांढरी अशी माशाची कापे. शेजारी हिरव्या वाटणाची गोळी आणि आल्याचे लोणचे. मासा कच्चा आहे. ती मालवणकडची, मासे तिला नवे नाहीत. तरीही पहिला घास उचलताना तिचा हात क्षणभर थबकतो. आई असती तर आधी कल्ले कुठे आहेत ते विचारले असते, असे ती हसत म्हणते. तोही हसतो आणि दोघेही घास तोंडात टाकतात.

तिने विनोदाने काढलेला हा प्रश्न वस्तुतः अर्थशास्त्राचा आहे. बाजारात कोळणीसमोर उभी राहणारी गृहिणी कल्ले उघडून त्यांचा लाल रंग पाहते, डोळ्यांची चमक पाहते, अंगठ्याने दाबून खळगा भरून येतो की नाही ते पाहते. मालाची पारख ती स्वतः करते आणि मग भाव करते. लाउंजमधील पाटीवर डोके नाही, कल्ले नाहीत, खवलेही नाहीत. पारखण्याजोगे काही शिल्लकच ठेवलेले नाही. शिवाय चुकीच्या पारखीवर पांघरूण घालणारा विस्तवही येथे नाही. असे असूनही या आठ घासांसाठी घरच्या आठवडाभराच्या मासळीइतके पैसे मोजले जातात. ते नेमके कशाचे?

दिखाऊपणाचे उत्तर अपुरे

या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर तयार आहे. हे पैसे ऐटीचे आहेत, असे ते उत्तर. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली सुखवस्तू वर्गावरील आपल्या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. काही वस्तू महाग असूनही घेतल्या जातात असे नव्हे, तर त्या महाग आहेत म्हणूनच घेतल्या जातात, असा तिचा आशय. सुशीच्या व्यवहारात याची उदाहरणे हवी तेवढी सापडतात. ५ जानेवारी २०१९ रोजी टोकियोच्या तोयोसू बाजारातील नववर्षाच्या पहिल्या लिलावात २७८ किलो वजनाचा एक निळ्या पंखांचा ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला. घेणारा होता एका सुशी-उपाहारगृहांच्या साखळीचा मालक. त्या माशाचे तुकडे विकून ही रक्कम भरून निघणे अशक्य होते. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत जे छायाचित्र झळकले, त्याची ती किंमत होती.

परंतु कोपऱ्यातील जोडप्याला हे माप लावणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात चार माणसे राहतात तेथे पतिपत्नींना अर्धा तास निवांत बोलावयास मिळणे हीच चैन आहे. हॉटेलच्या बिलात मोठा वाटा त्या मेजाच्या भाड्याचा, गालिच्याचा, थंड हवेचा आणि कोणी उठा म्हणणार नाही या निश्चिंतीचा असतो. अशा हॉटेलांतील उपाहारगृहांच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. साध्या उपाहारगृहात तो ५ टक्के आहे. हे सारे वजा केले तरी घासाची म्हणून जी किंमत उरते ती घरच्या सुरमईच्या तुकडीच्या कितीतरी पट असते. ऐट आणि भाडे यांच्या पलीकडचे काहीतरी त्या पाटीवर आहे. ते काय, हे समजण्यासाठी या पदार्थाचे कूळ पाहावे लागेल.

गाडीवरचा पदार्थ

सुशी हा मुळात श्रीमंतांचा पदार्थ नव्हे. ताज्या माशाचा तर नव्हेच. भातशेती करणाऱ्या आशियाई प्रदेशांत मीठ लावलेला मासा शिजविलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवीत ठेवण्याची रीत होती. मासा टिकावा एवढाच तिचा हेतू. आंबलेला भात बहुधा टाकून दिला जाई. जपानमध्ये बिवा सरोवराच्या परिसरात आजही या जुन्या पद्धतीची 'फुनाझुशी' केली जाते. कोकणात बोंबील वलांडीवर वाळत घालतात, गोव्यात माशाचा पारा घालतात, त्याच जातीची ही बेगमी. पुढे आंबण्याचा काळ घटत गेला, भातच व्हिनेगर घालून आंबट करण्याची युक्ती निघाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताच्या मुटक्यावर माशाचे काप ठेवून ते हातोहात विकण्याचा धंदा फोफावला. १८२० च्या दशकातील हानाया योहेई या विक्रेत्याकडे या प्रकाराचे श्रेय सामान्यतः दिले जाते.

हे खाणे गाडीवरचे होते. कारागीर, हमाल, स्नानगृहातून घरी परतणारा माणूस उभ्याउभ्या दोन-चार घास खाई आणि पुढे जाई. मासा समोरच्या एदोच्या उपसागरातला. बर्फ नव्हता, म्हणून तो सोया सॉसमध्ये मुरविलेला, व्हिनेगरमध्ये घातलेला किंवा उकडलेला असे. आज ट्यूनाच्या पोटाच्या चरबीदार भागाला सर्वांत अधिक दाम पडतो. त्या काळी तोच भाग नाशवंत म्हणून कमअस्सल मानला जाई. थोडक्यात, वडापावाच्या गाडीला मुंबईत जे स्थान आहे तेच या पदार्थाला एदोत होते.

गाडीवरचा घास लाउंजमध्ये पोहोचविण्याचे काम केले ते थंडाव्याने. शीतगृहे आली, गोठविणारी जहाजे आली, पुढे विमाने आली. १९७२ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ पकडलेले ट्यूना बर्फात घालून विमानाने टोकियोच्या त्सुकिजी बाजारात पोहोचविण्यात आले. या व्यवहारामागील तर्क हिशेबी होता. जपानी विमाने कारखानी माल घेऊन उत्तर अमेरिकेस जात आणि परतताना त्यांच्या पोटात जागा रिकामी राही. तिकडे अटलांटिकच्या किनाऱ्यावर हौशी शिकारी हे अजस्र मासे गळाला लावून छायाचित्र काढीत आणि पुष्कळदा मासा फेकून देत. रिकामी जागा आणि फुकट जाणारा मासा यांची गाठ पडली आणि एका जागतिक बाजारपेठेचा जन्म झाला.

सामन माशाची कथा याहूनही बोलकी आहे. जपानी लोक हा मासा भाजून किंवा खारवून खात. त्यात जंत असण्याच्या भीतीने कच्चा खात नसत. १९८० च्या दशकाच्या मध्यास नॉर्वेने आपली मासळी जपानमध्ये खपविण्याची सरकारी मोहीम हाती घेतली. पिंजऱ्यात, ठरावीक खाद्यावर वाढविलेल्या आमच्या माशात हा धोका नाही, हे पटवून देण्यात दहाएक वर्षे गेली. आज लाउंजमधील पाटीवरचे नारिंगी काप जगभर ज्या सुशीची खूण समजले जाते, ती सुशी अशी जपानी परंपरेतून नव्हे, तर नॉर्वेच्या निर्यातधोरणातून आली. नॉर्वेने मासा विकण्याआधी त्या माशाविषयीचा विश्वास विकला.

भरवशाचे अर्थशास्त्र

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ याने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. २००१ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. विकणाऱ्याला मालाचा दोष ठाऊक असतो, घेणाऱ्याला नसतो. अशा बाजारात चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही, कारण घेणारा सगळ्याच मालाकडे संशयाने पाहतो. चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो आणि वाईट तेवढा उरतो. यावर उपाय म्हणजे हमी: पेढीचे नाव, सरकारी शिक्का किंवा पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख.

कच्च्या माशाइतके या सिद्धांताचे स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. जंत मरावेत म्हणून अशा प्रकारे खावयाचा मासा उणे २० अंश सेल्सियसला सात दिवस किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून पंधरा तास ठेवावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. म्हणजे 'ताजा' म्हणून समोर आलेला घास पुष्कळदा गोठवून वितळविलेला असतो आणि तो तसा असण्यातच सुरक्षितता असते. ट्यूना किंवा बांगडा पकडल्यानंतर उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजविल्यानेही जात नाही. यांपैकी काहीही खाणाऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही. हिरव्या वाटणाची जी गोळी खऱ्या वसाबीच्या नावाने समोर येते, तीदेखील बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच एका तिखट मुळाची, हिरवा रंग दिलेली असते. खरी वसाबी फार महाग आहे. ओशियाना या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेत माशांचे १,२१५ नमुने गोळा करून तपासले, तेव्हा एकतृतीयांश नमुन्यांत माशाचे नाव चुकीचे निघाले. सुशीच्या दुकानांतील नमुन्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते. जेथे पारख अशक्य, तेथे लबाडीस वाव अधिक, हाच याचा अर्थ.

तेव्हा कोपऱ्यातील जोडप्याने मोजलेल्या पैशांचा उलगडा होतो. ते माशाचे नव्हेत. नॉर्वेच्या पिंजऱ्यापासून कुलाब्याच्या पाटीपर्यंत थंडाव्याची साखळी कोठेही तुटली नाही, या वचनाचे आहेत. आईच्या अंगठ्याने जे काम फुकट होत होते, ते येथे शेकडो अनोळखी माणसांनी, तापमापकांनी आणि दाखल्यांनी केलेले आहे. ही किंमत अवास्तव असेल, निराधार मात्र नाही.

दीड-दोन किलोमीटरांचे अंतर

आता या गोष्टीचा दुसरा भाग. अपोलो बंदराजवळच्या ताजमहाल हॉटेलात २००४ साली 'वसाबी बाय मोरिमोतो' सुरू झाले आणि मुंबईच्या उच्चभ्रू वर्गात सुशी रुजू लागली. तेथून दीड-दोन किलोमीटरांवर १८७५ साली बांधलेली ससून गोदी आहे. पहाटे तेथे होड्या लागतात, लिलाव पुकारले जातात आणि जमिनीवर ओळीने बसलेल्या बाया कोळंबी सोलीत असतात. सुरमई, हलवा, माकूल, कुपा अशी अरबी समुद्राची सारी संपत्ती तेथे उतरते. कुपा म्हणजे ट्यूनाच्याच जाती; पण कोकणच्या स्वयंपाकघरात त्याला पापलेट-सुरमईचा मान नाही. लाउंजच्या स्वयंपाक्याला मासा हवा आहे आणि गोदीत मासा आहे. तरीही त्याच्या पाटीवरचा नारिंगी काप हजारो किलोमीटरांवरून विमानाने येतो. सामन अरबी समुद्रात मिळत नाही, हे खरे. पण सुशीसाठी सामनच हवा असे कोठे आहे? एदोच्या गाडीवाल्याने तर समोरच्या उपसागरात मिळेल तोच मासा वापरला होता.

उणीव माशाची नाही, हमीची आहे. जपानी मच्छिमार उत्तम मासा हाती लागताच त्याच्या मेंदूत खिळा मारून, रक्त काढून, पाठीच्या कण्यात तार घालून तो ताबडतोब थंड करतो. माशाचे मोल होडीच्या फळीवर, पहिल्या काही मिनिटांत ठरते, हे त्याला ठाऊक आहे. ट्रॉलरचे जाळे तासन्‌तास फरफटत राहते. त्यातला मासा ढिगाखाली चेपून मरतो, मग कप्प्यात चुरा बर्फाखाली काही दिवस काढतो, धक्क्यावर ओल्या फरशीवर ओतला जातो आणि उन्हे चढेतो भावाची वाट पाहतो. अशा माशाला कालवणाचाच भाव मिळतो, कारण विस्तवाखेरीज त्याची हमी घेणारे कोणी नसते. उत्तम मासा काळजीपूर्वक आणणारा नाखवासुद्धा त्याच ढिगात मोजला जातो. मग त्याने अधिक बर्फाचा खर्च का करावा? अकेरलॉफच्या जुन्या मोटारी ससून गोदीतही उभ्या आहेत.

केंद्र सरकारने २०२० साली २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना सुरू केली. मासेमारीनंतर होणारी २० ते २५ टक्के नासाडी १० टक्क्यांच्या आसपास आणणे हे तिचे एक उद्दिष्ट सांगितले गेले. पकडलेल्या दर चार-पाच माशांतील एक वाया जातो, याची ती सरकारी कबुलीच म्हणावी लागेल. धक्का, बर्फ, पाणी आणि सावली या चार साध्या गोष्टींच्या अभावाने हे घडते. पंचतारांकित तंत्रज्ञानाची येथे गरज नाही.

कोळंबीचा धडा

हे कोकणास जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी रत्नागिरीकडे पाहावे. ज्या राणी माशाला स्थानिक बाजारात फारसा भाव नसे, त्याचा धुऊन केलेला गोळा, म्हणजे सुरिमी, तेथील कारखान्यांतून परदेशी जातो. सुशीच्या काही गुंडाळ्यांत खेकड्याच्या नावाने जी लाल-पांढरी कांडी असते, तीही अशा सुरिमीचीच केलेली असते. म्हणजे लाउंजमधील घासात कोकणचा मासा आजही पोहोचू शकतो, फक्त ओळख पुसून.

मात्र परकी मागणी आली म्हणजे मच्छिमाराचे भले झाले, असे समीकरण मांडणेही भाबडेपणाचे ठरेल. सत्तरच्या दशकात जपानने भारताची गोठविलेली कोळंबी मोठ्या प्रमाणावर घेण्यास प्रारंभ केला. कोळंबीला सोन्याचा भाव आला, ट्रॉलर वाढले आणि ते किनाऱ्यालगत घुसले. गोव्यातील रापणकार आणि ट्रॉलरवाले यांचा संघर्ष त्याच काळात पेटला. त्यानंतर गोव्यात १९८० साली आणि महाराष्ट्रात १९८१ साली सागरी मासेमारीचे नियमन करणारे कायदे आले. थंडाव्याची साखळी कोळंबीसाठी उभी राहिली. बोंबील-बांगड्यासाठी राहिली नाही. निर्यातदाराने हमी दिली आणि हमीचा मोबदलाही त्यानेच घेतला. रापण ओढणाऱ्याच्या वाट्याला रिकामे जाळे आले.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. उद्या गोदीतील उत्तम मासा हॉटेलांनी उचलला, तर गिरगावच्या गृहिणीच्या पिशवीत काय पडणार? भाव चढतील, हे खरे. पण वाया जाणारा मासा वाचला, तर एकही नवी होडी समुद्रात न लोटता बाजारातील पुरवठा वाढतो. होड्या वाढवून भाव खाली आणण्याचा मार्ग मात्र समुद्र रिकामा करणारा आहे. निळ्या पंखांच्या अटलांटिक ट्यूनाची हीच गत होत आली होती. २०१० साली दोहा येथील परिषदेत त्याच्या जागतिक व्यापारावर बंदी घालण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. विरोध करणाऱ्यांत जपान पुढे होता. तथापि पकडीचे कोटे कसून लावले गेले आणि २०२१ साली निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने हा मासा संकटग्रस्त जातींच्या यादीतून बाहेर काढला. नियम पाळले गेले तर समुद्र उदार होतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीस बंदी असते, ती याच विचाराने. त्या दोन महिन्यांत गोदी शांत असते. लाउंजमधील पाटी मात्र भरलेलीच असते. दूरच्या समुद्राची हमी जवळच्या समुद्राच्या ऋतूंवर अशी मात करते.

हमी कोणाच्या नावाची?

तेव्हा प्रश्न सुशी खावी की न खावी, हा नाही. आपली मिळकत आपल्या आनंदासाठी खर्च करणाऱ्या जोडप्याला उपदेशाचे डोस पाजणे हा अर्थशास्त्राचा उद्योग नव्हे. प्रश्न असा आहे की भरवशाला एवढा भाव देण्यास ग्राहक तयार असताना तो भरवसा निर्माण करण्याची संधी किनाऱ्यावरच्या माणसाला का मिळू नये? मच्छिमार सहकारी संस्थांकडे बर्फाचे कारखाने असतात, डिझेलच्या वाटपाची व्यवस्था असते. त्यांच्याकडे नसते ते मालाची प्रतवारी करणारे आणि तिच्यामागे आपले नाव उभे करणारे यंत्र. दुधाच्या बाबतीत आणंदच्या शेतकऱ्यांनी ते उभे केले. फॅटचे माप प्रत्येकाच्या डोळ्यांदेखत झाले, म्हणून चांगल्या दुधाला चांगला दाम मिळाला. माशाला असे माप लावणे कठीण आहे, अशक्य नाही. कोणत्या होडीने, कोणत्या दिवशी, किती वेळात बर्फात घातला, एवढी नोंद जरी माशासोबत धक्क्यावर उतरली, तरी काळजी घेणारा नाखवा ढिगातून वेगळा निघेल. त्याचा लाभ लाउंजपुरता राहणार नाही; दादरच्या बाजारातील बांगडाही त्याने अधिक निर्धोक होईल.

रात्री साडेदहाला ते जोडपे बिल चुकते करून बाहेर पडते. समुद्राचा खारा वारा येतो. मासा बरा होता, पण आईच्या हातच्या तिखल्याची सर नाही, असा निर्वाळा ती देते आणि तो मान डोलावतो. टॅक्सी निघते. आणखी सहा-सात तासांनी त्याच समुद्रातून होड्या गोदीला लागतील. त्यांतील एखाद्या पाटीत, त्या रात्रीच्या कोणत्याही घासाशी बरोबरी करील असा मासा असेल. पुकारा होईल, ढिगाचा म्हणून त्याचा भाव ठरेल आणि त्याची खरी किंमत कोणालाही, अगदी तो पकडणाऱ्यालाही, कधी कळणार नाही.